जवळा कोरडा होता

चौलच्या खाडीकाठी, कोळीवाड्यातल्या एका खळ्यावर, वाळत घातलेल्या जवळ्यावर भुरभुरायला डीडीटीची पावडर मी दिली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला ती जाईपर्यंत नाही, आणि ज्यांच्या हाताखाली काम करत होतो त्या प्राध्यापकांना तर नाहीच. त्यांनी एकदा सरळ विचारलं होतं. तेव्हाही नाही.

आज लिहायला बसलो त्याचं निमित्त अगदी साधं. मी ज्या शाळेत शास्त्र शिकवतो तिथल्या वार्षिक अंकासाठी हेडमास्तरांनी लेख मागितला. विषय त्यांनीच दिला. निरनिराळ्या शास्त्रांतलं संशोधन लोकांच्या आरोग्याच्या आणि समाजाच्या कामी कसं येतं. "तुम्ही पूर्वी तसल्या कामात होता ना? मग तुम्हीच लिहा. पोरांना हुरूप येईल असं काहीतरी." मी हो म्हणालो. बऱ्याचदा बसलो. दर वेळी हात पहिल्या परिच्छेदाशीच अडायचा. शेवटी अंकाला पाणी शुद्ध करण्यावर काहीतरी लिहून दिलं आणि सुटलो. हा मजकूर त्या अंकासाठी नाही.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन मुंबईहून चौलला परत आलो होतो. घरची नारळी-पोफळीची वाडी होती, पण तिच्यात माझं मन लागत नव्हतं. मला कॉलेजात शिकवायचं होतं. अशात मुंबईची तिघं माणसं आमच्या भागात काम करायला आली, आणि त्यांना गावचा, शिकलेला, सायकलवर हिंडणारा मदतनीस हवा होता. वशिला न लावता मिळालेली ती माझी पहिली नोकरी.

तिघांची शास्त्रं तीन. एक लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई. त्यांना माणगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीच्या गावांत अशी मुलं सापडली होती की ज्यांचे पाय सुजलेले, केस तांबूस आणि विरळ, आणि तोंडावर हसू म्हणून नाही. पोट भातानं भरत होतं, पण त्यापलीकडे पोटात काही जात नव्हतं. दुसरे रसायनाचे प्राध्यापक. मांसाइतकं कसदार आणि सगळ्यांत स्वस्त असं आपल्या किनाऱ्यावर काही असेल तर तो जवळा, ही बारीक कोळंबी, असं त्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं. तिसरे समाजशास्त्राचे, बोलघेवडे, कुठल्याही ओटीवर तासन्‌तास मांडी घालून बसणारे. पोर सुजलेलं असेल त्या घरात सुकी मासळी येते, पण ती पुरुषांच्या ताटात जाते, हे त्यांनी बायकांकडून काढून घेतलं. "लहान पोराला बाधतं" असा समज. मग त्यांनीच सुचवलं की जवळा भाजून, कुटून त्याचं पीठ करू आणि पोराच्या पेजेत मिसळू. पीठ म्हटलं की ते पोराचंच होतं, पुरुष पेज मागत नाहीत.

मला तेव्हा ते सगळं फार थोर वाटायचं. आजही वाटतं. खोटं का बोलू?

जवळा पुरवायला त्यांनी एक खळं निवडलं. त्या खळ्याची मालकीण पन्नाशीची, नवरा समुद्रात बुडून गेलेला, दोन मुलगे होडीवर. सगळा कोळीवाडा तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही. खळं म्हणजे खाडीलगतची सपाट जागा, शेणानं सारवलेली. मावशी ती इतकी गुळगुळीत ठेवायची की आमच्या घरची ओटी तिच्यापुढे ओबडधोबड वाटावी. पहिल्याच दिवशी मी सायकल लावून आत पाऊल टाकलं, तर ओरडली:

"चपला! चपला काढ, न्हायतर तुलाच वाळत घालीन हितं!"

मी चपला काढल्या. भोवतालच्या बाया हसल्या. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्यात म्हावरं खात न्हाय ना रं?"

"नाही."

"मंग माझं म्हावरं चांगलं का वाईट, ते तू कसं ठरवणार?"

"मी नाही, मुंबईचे साहेब ठरवणार. यंत्रावर."

"यंत्र खातंय काय?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

मी तिच्या खळ्यावर दोन हंगाम गेलो. हातात वही असायची म्हणून ती मला मास्तर म्हणायची. शहाळं द्यायची, कधी कोरा चहा. शिजवलेलं तिनं कधी पुढे केलं नाही, मी कधी मागितलं नाही. जवळा कसा पसरायचा, उन्हं कलली की कसा ओढायचा, कडकडीत वाळला म्हणजे मुठीत धरून दाबल्यावर कसा आवाज येतो, हे सगळं मी पाहिलं, लिहून घेतलं. एक दाणासुद्धा जिभेवर ठेवला नाही.

पहिल्या हंगामात काम छान झालं. डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा डोंगराकडच्या गावाला जात, मीही तराजू घेऊन बरोबर असे. तिथं एक मुलगी होती, तीन-साडेतीन वर्षांची. आधी भिंतीला टेकून बसून असायची, माशी तोंडावर बसली तरी हात हलवायची नाही. काही महिन्यांनी तिच्या पायांची सूज उतरली. केसांच्या मुळाशी काळं दिसायला लागलं. बाईंनी तिचे केस उन्हात धरून मला दाखवले, "हे बघा. इथवर तांबूस, आणि इथून पुढे जवळा." त्या मुलीनं बाईंचा हात झटकला आणि पळाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर पळाली म्हणून डॉक्टरला रडू आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी मावशीला ते सांगितलं. त्यानंतर त्या गावाला जाणारा माल ती वेगळा वाळवायची, खळ्याच्या मधोमध, जिथं ऊन सर्वांत जास्त वेळ राहतं.

दुसऱ्या हंगामात, चैत्र संपता संपता, आभाळ भरून राहायला लागलं. पाऊस नाही, ऊनही धड नाही. जवळा वाळेना आणि माशा उठल्या. खळ्यावर काळी चादर पसरावी तशा. मावशीनं निंबाचा पाला जाळला, जाळी टाकली, सुनांना पंख्यासारखी नारळाची झापं घेऊन उभं केलं. दोन खेपांचा माल प्राध्यापकांनी परत पाठवला. अळ्या निघाल्या. ते मला म्हणाले, "पुढचाही असाच आला तर आपल्याला हे खळं सोडावं लागेल. मुंबईहून कारखान्यातलं पीठ घेऊ. महाग पडेल, पण काय करणार?" आणि मग सहज म्हणावं तसं, "तुमच्या जागेचंही मग बघावं लागेल. पुढच्या वर्षी कॉलेजात तुम्हाला घ्यावं असं माझ्या मनात आहे, पण काम दाखवायला हवं."

आमचा तराजू आणि पोती आम्ही गावच्या धर्मशाळेच्या एका खोलीत ठेवत असू. त्याच खोलीत हिवतापाच्या फवारणीवाल्यांचं सामान होतं. ते पावसाआधी घरोघर भिंतींवर डीडीटी मारत. त्यांचं खातं वेगळं, साहेब वेगळे, आमच्याशी काही संबंध नाही. त्यांच्या मुकादमाला गावात सगळे साखरवाला म्हणायचे. कारण लोक घरात विष मारू देत नसत, तेव्हा तो ओटीवर उभा राहून चिमूटभर पावडर तळहातावर घ्यायचा आणि सगळ्यांदेखत चाटायचा. "साखर आहे, साखर! माशी-मच्छराला विष, माणसाला साखर!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि दार उघडायच्या. तो धडधाकट फिरत होता. मीही शास्त्राचा पदवीधर. मला वाटलं, एवढा माणूस रोज चाटतो, तर ते माणसाला विष असणार कसं?

त्याच्या पोत्यातून मी एका फडक्यात पावडर बांधून घेतली. विचारलं नाही.

मावशीनं ती पुरचुंडी हातात घेतली आणि नाकाला लावली.

"ही भिताडावरची ना रं?"

"हो. वरून नुसती भुरभुर. माशी बसणार नाही."

"आन् खाल्ली तर?"

मी फडकं सोडलं, चिमूट तळहातावर घेतली आणि तिच्यासमोर चाटली. चव आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो. मुलानं परीक्षेत पहिला नंबर काढला हे कळलं की आया जशा बघतात तशी ती माझ्याकडे बघत होती. बामणाघरचा शिकलेला मुलगा तिच्या खळ्यावर उभा राहून तिच्यासाठी काहीतरी तोंडात घालत होता. मग तिनं दुसरं काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर एक माशी नव्हती. मावशी खुशीत होती. "माशा गेल्या रं मास्तर, म्हायेरी गेल्या!" आभाळही त्याच आठवड्यात मोकळं झालं. माल कडकडीत वाळला, मुठीत धरला तर चुरचुर वाजे. प्राध्यापकांनी नमुना पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी कस तपासला, ओल तपासली, मीठ तपासलं. या पलीकडे त्यांनी काय तपासावं? त्यांच्या शास्त्रात तेवढंच येत होतं.

पीठ करायला त्या वेळी उसंत नव्हती. पोती तशीच डोंगराकडे गेली, तिथल्या बायकांनी घरी भाजून कुटायचं असं ठरलं.

जिच्या केसांत काळं दिसायला लागलं होतं, ती मुलगी गेली. आणखी तीन-चार पोरं ओकली, थरथरली, आणि वाचली. ती वाचली नाही. डॉक्टरीणबाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी आईला विचारलं, काय काय झालं. ओकारी, मग हातपाय लटलटायला लागले, मग झटके. बाई म्हणाल्या, खराब मासळीची विषबाधा असावी, नाहीतर तापाचे झटके. अंगात मुळातच ताकद नव्हती.

रेवदंड्याला ते उतरत त्या बंगलीच्या ओटीवर तिघं बसली होती. मी दाराशी उभा. बाई सारख्या एकच म्हणत होत्या, "माझ्यामुळे. मीच सांगितलं त्यांना खायला घाला म्हणून." समाजशास्त्राचे साहेब म्हणाले, की साठवण आणि स्वच्छतेच्या सवयींकडे आपण कमी लक्ष दिलं. प्राध्यापक माझ्याकडे वळले.

"वाळवताना या वेळी काही वेगळं केलं होतं का हो त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. तिघांपैकी कोणीही मूर्ख नव्हतं. डॉक्टरला खळं दिसत नव्हतं, रसायनाला भिंतीवरची पावडर दिसत नव्हती, समाजशास्त्राला धर्मशाळेतली ती खोली दिसत नव्हती. तिघांना जोडायला म्हणून त्यांनी मला ठेवलं होतं. माझं कामच ते होतं. मी एक शब्द बोललो असतो तर तिघांची शास्त्रं तिथल्या तिथे एकत्र आली असती, आणि त्यातून निदान एक गोष्ट तरी कळली असती, जी पुढे कितीतरी खळ्यांवर उपयोगी पडली असती. कारण मावशीच्या खळ्यावरच्या माशा गेल्या हे शेजारणींनी पाहिलं होतं. मागून त्यांनीही साखरवाल्याकडे पावडर मागितली असं मी ऐकलं. मी तेव्हाही गप्प होतो.

मावशीला कळलं तेव्हा ती खळ्यावर खाली बसली. मग म्हणाली, "मला न्हे तिकडं. त्या बाईच्या पाया पडतंय मी."

मी टाळायला पाहिलं. ती ऐकेना. रोह्याला गाडी बदलून आम्ही गेलो. तिनं टोपलीत तांदूळ आणि नारळ घेतला होता. मी पुढच्या बाकावर बसलो, ती मागे. वाटेत कोणी तिच्याशी बोललं नाही, वासामुळे.

मुलीची आई दारात भात पाखडत होती. मावशी तिच्या पायांशी गेली आणि डोकं टेकलं. ती बाई हलली नाही, पाय मागे घेतले नाहीत, सूपही ठेवलं नाही. मी टोपली धरून उभा. मग ती बोलली, कोणाकडेही न बघता.

"चांगला वास येत होता त्याला. दवाखान्यातल्यागत. म्हनलं, साहेबांनी औषीद घातलं असंल. म्हनून मी तिला मूठभर जास्तीच दिला. ती आवडीनं खायाची."

एवढं बोलून ती आत गेली. टोपली आम्ही दाराशी ठेवली. परत जाताना वळून पाहिलं तर शेजारची म्हातारी ती काठीनं बाजूला सारत होती.

येताना मावशी माझ्या शेजारच्या बाकावर बसली. कोलाड गेलं. मग हळू आवाजात:

"मास्तर."

"काय?"

"त्या पावडरीनं न्हाय ना रं?"

हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं ऐकतो आहे. तिनं आरोप केला नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत म्हणालो, "छे. पावडरीनं माणसाला काही होत नाही. मावशी, तुझा माल आतून ओला राहिला असेल. आभाळ होतं ना."

मग माझ्या बाजूनं तिनंच पुरावा शोधून काढला.

"व्हय. तू तर चाटलीवतीस माझ्यासमोर. मंग कशी असंल?" आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "ओला ऱ्हायला असंल. माझ्याच हाताची चूक."

तो जवळा ओला नव्हता. तसा कोरडा जवळा मी पुन्हा पाहिला नाही.

काम बंद झालं. तिघं मुंबईला गेली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा अशा कामात हात घातला नाही असं ऐकलं. पीठही पुन्हा गेलं नाही. पुढे एकदा त्या गावावरून जाणं झालं, तेव्हा जत्रेच्या गर्दीत ओळखीची पोरं पाहिली. पाय पुन्हा सुजलेले होते, केस तांबूस. प्राध्यापकांनी मला कॉलेजात घेतलं नाही. पण शाळेसाठी चांगला शब्द टाकला, आणि त्यावर माझं आयुष्य चाललं आहे.

मावशीच्या जवळ्याला कोणी हात लावेना. कोळणी बाजारात बसल्या की गिऱ्हाईक विचारायचं, "त्या खळ्यावरचा न्हाय ना?" तिनं वाळवणं सोडलं. सारवणं सोडलं. खळ्यावर आधी भेगा पडल्या, मग गवत आलं. सुना दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीला जायला लागल्या. ती मात्र दुसऱ्यांच्या खळ्यांच्या कडेला जाऊन बसते आणि नव्या पोरींना ओरडते, "नीट वाळवा गं! वरवर वाळवू नका. माझ्या हातानं एक पोर गेलंय." पोरी आता तिला हसतात. म्हातारी बडबडते म्हणतात.

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. शाळेच्या सहलीला मुलांना खाडीवर नेलं होतं. ती बाजूला बसली होती, डोळ्यांनी आता नीट दिसत नाही. माझा आवाज ओळखून म्हणाली, "मास्तर का रं? बरा हायस ना?" मी बरा आहे म्हणालो. मुलं पुढे गेली होती. तिथं मी आणि ती, एवढेच होतो. मी बोलू शकलो असतो. "काळजी घे मावशी," असं म्हणून निघालो.

त्याला आता वर्ष होत आलं. कोळीवाडा माझ्या घरापासून सायकलवर थोड्या वेळाचा. मी गेलेलो नाही. लिहायला धीर झाला म्हणजे जायलाही होईल असं मी स्वतःला सांगत होतो. लिहून झालं, आणि तसं काही वाटत नाही.

मावशीला तिच्या दारात, चार माणसांच्या देखत, मी हे सांगणं लागतो, की तुझा जवळा कोरडा होता आणि पावडर माझी होती. डोंगराकडच्या त्या आईला मी तेच सांगणं लागतो. दोघींनाही अजून सांगितलेलं नाही.